ब्रेक लागत नाहीत म्हणून गेलो, ते सुटतच नव्हते! बीडच्या बिनबोर्डाच्या गॅरेजचा अनुभव

आधी मार्क देऊन टाकतो, गुरुजी माणूस आहे, सवय आहे. कामाला ५ पैकी ५, वेळेला ५ पैकी २, आणि गॅरेजला बोर्ड नाही म्हणून शोधायला जो ताप झाला त्याचा अर्धा मार्क कापला. बार्शी नाक्याच्या बाजूला आत गल्लीत एक लांबडं पत्र्याचं शेड आहे, बाहेर कायम एखादी अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनी चाकं काढून ठोकळ्यावर उभी असते, तीच खूण. आत गेलं की उस्ताद आणि त्यांचा भाचा. भाचा आयटीआय झालेला आहे आणि मोबाईल तोच उचलतो.

आता आमची गाडी. १९७४ ची महिंद्रा जीप, सीजे ३ बी, म्हणजे ती उंच बोनेटवाली. अमेरिकेत विलिज कंपनीनं १९५३ ला हे मॉडेल काढलं तेव्हा नवीन हरिकेन इंजिन जास्त उंच होतं, ते बसावं म्हणून बोनेटच वर उचललं, आणि महिंद्रानं हेच मॉडेल आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं बनवलं. आमच्या चुलत्यांची गाडी. चुलते गेले आणि जीप शेतातल्या शेडमध्ये सात वर्षं उभी राहिली, वर कडबा रचलेला, आत मांजरीनं दोनदा पिलं घातली. मागच्या उन्हाळ्यात मी ती बाहेर काढली. इंजिन आश्चर्य वाटावं असं लवकर चालू झालं, आणि तिथंच माझी चूक झाली. इंजिन चालू झालं की माणसाला वाटतं गाडी चालू झाली. ब्रेकचं काय, पेडल दाबलं तर सरळ फळीला टेकायचं, म्हणून जवळच्याच एका गॅरेजला नेली. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पण त्यानं दोन दिवसांत ब्रेक "एकदम कडक" करून दिले. पाय नुसता ठेवला की ब्रेक! पेडलला जरासुद्धा मोकळेपणा नाही. मी खूश, गावभर सांगत फिरलो.

श्रावणात बहिणीकडं केजला गेलो होतो, येताना धारूरचा घाट उतरून तेलगाव आणि मग माजलगाव. ज्यांनी धारूरचा घाट बघितलाय त्यांना सांगायला नको, अरुंद, वळणं अशी की समोरून उसाची ट्रॉली आली की आपण श्वास धरून थांबायचं. सोबत बायको, मेहुणा आणि मागं शेंगांचं पोतं. घाट लागायच्या आधीच गाडी जड चालायली होती, मला वाटलं प्लग गेला असेल. काहीतरी जळल्याचा वास पण यायला लागला, मेव्हणा म्हणला कुणीतरी शेतात टायर जाळलंय. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल दाबलं आणि ते गेलं की खाली, लोण्यात बोट जावं तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. दुसऱ्यात होती, तशीच पहिल्यात ढकलली, गिअरनं अशी किंकाळी फोडली की बायकोला वाटलं इंजिनच फुटलं, आणि हँडब्रेक ओढला. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो बरं का, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) मागं, चाकांकडं जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो त्याला लागतो. चालत्या गाडीत तो ओढायचा नसतो, सगळा झटका शाफ्टला आणि जॉइंटला बसतो, पण त्या वेळी कुणाला शाफ्टची पडलीय. डोंगराच्या बाजूला डाव्या चाकानं नालीत उतरून थांबलो. शेंगा सगळ्या मेव्हण्याच्या अंगावर.

आणि आता गंमत ऐका. पाऊण तास बसलो, चहा नाही काही नाही, मग सहज पेडल दाबून बघितलं तर ब्रेक परत कडक! जणू काही झालंच नव्हतं. मेव्हणा म्हणे चला. मी म्हणलं तू चल, मी टेम्पो बोलावतो. साडेतीन हजार घेतले टेम्पोवाल्यानं बीडपर्यंत.

उस्तादांना मी सांगितलं, ब्रेक लागत नाहीत. त्यांनी काही विचारलं नाही, चारी चाकं जॅकवर घेतली, गिअर न्यूट्रल केला आणि मला म्हणले, गुरुजी, चाक फिरवा. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी चाक बैलासारखं अडून बसलेलं. चारी चाकं तशीच. मग ते म्हणले ते वाक्य मी आता वर्गात पण वापरतो, "लगता नै ये बीमारी नै गुरुजी, छूटता नै ये बीमारी हय."

म्हणजे झालं असं होतं. ब्रेक सोडल्यावर तेल मागं मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की चारी चाकांकडं तेल ढकलणारा पंप) टाकीत यायला एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. पेडल पूर्ण वर आलं की आतलं रबर त्या भोकाच्या मागं सरकतं आणि दाब निघून जातो. ते भोक झाकलेलंच राहिलं तर दाब आतच अडकतो, चाकातले शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी) ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, तापला की तेल आणखी फुगतं, फुगलं की शू आणखी दाबतात. पाच-दहा किलोमीटरमध्ये गाडी स्वतःच स्वतःला जाळायला लागते. आणि एवढ्या उष्णतेत चाकाजवळचं ब्रेक ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली की दबते, तेल दबत नाही, म्हणून पेडल खाली. थंड झालं की वाफेचं परत तेल, पेडल परत कडक. माझ्या घाटातल्या भुताटकीचा उलगडा एवढाच.

पण उस्ताद इथं थांबले नाहीत आणि म्हणूनच मी हा एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहायलोय. कुणीही म्हणलं असतं मास्टर सिलिंडर बदला. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं फळीतलं झाकण काढलं (मास्टर तिथं खाली असतो या जीपला, चिखलपाण्याच्या अगदी तोंडाशी), आणि मास्टरमधून निघणाऱ्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला केला. चिळकांडी उडाली आणि तीन चाकं मोकळी झाली, हातानं गरगर फिरायला लागली. चौथं, पुढचं उजवं, तसंच जाम. आता त्या चाकाचा निपल (तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) खोलला, परत चिळकांडी, तेव्हा ते सुटलं. म्हणजे रोग दोन होते. तीन चाकांना मास्टरचा, आणि पुढच्या उजव्याला मास्टरचा आणि शिवाय त्याच्या रबरी होजचा, म्हणजे नळीचा. तो होज त्यांनी ब्लेडनं उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून चांगला काळाभोर, एक चीर नाही, आणि आत रबर फुगून भोक इतकं बारीक झालेलं की काडेपेटीची काडी जाईना. पायाच्या जोरानं तेल पुढं ढकललं जायचं पण शूच्या स्प्रिंगच्या जोरानं मागं यायचं नाही. वर्षानुवर्षं बाहेरून चांगला दिसतो म्हणून हा होज कुणी बदलत नाही. सगळेच होज नवीन टाकले, चर्चाच नाही.

मग मास्टरचा प्रश्न, भोक झाकलं कशामुळं. एक कारण मला लगेच दाखवलं, पेडलचा रॉड आधीच्या माणसानं इतका लांब केला होता की पिस्टन पूर्ण मागं येतच नव्हता, तोच तो "कडक ब्रेक" ज्याचं मी गावभर कौतुक केलं. पेडल हातानं दाबलं तर साधारण अर्धा इंच रिकामं गेलं पाहिजे, मग रॉड पिस्टनला लागला पाहिजे. पण उस्तादांचं समाधान झालं नाही. टाकीतलं तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, आणि भाच्याला म्हणले गिलास ला. चहाचा काचेचा ग्लास, त्यात अर्धं पाणी, त्यात चमचाभर आमच्या जीपचं तेल. भाच्यानं ढवळलं. खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, दिसतसुद्धा नाही. आमच्या ग्लासात वर तवंग! आमटीवर कट यावा तसा. मग शेजारी दुसरा ग्लास, त्यात नव्या बाटलीतलं तेल टाकून दाखवलं, ते पाण्यात गुडूप. म्हणजे आधीच्या माणसानं इंजिन ऑइल म्हणा, जॅकचं तेल म्हणा, जे हाताला लागलं ते ओतलं होतं, नाहीतर रबरांचे किट डिझेलनं धुतले होते, किंवा दोन्ही. पेट्रोल-डिझेलच्या जातीचं कुठलंही तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. मास्टरमधलं जुनं रबर आणि नवं रबर माझ्या तळहातावर ठेवलं, जुनं म्हणजे रात्रभर भिजवलेला हरभरा आणि नवं म्हणजे कोरडा हरभरा, इतका फरक. ते फुगलेलं रबर भोकावर चढून बसलेलं. एकदा असं तेल गेलं की नुसतं काढून चालत नाही, सिस्टिममधलं रबर म्हणून जे काही असेल ते सगळं फेकायचं आणि पाइप स्पिरिटनं धुवायचे. मी विचारलं थोडं कमी नाही का होणार काम. म्हणले "होता ना. घाट में वापस जाना हय क्या?" मी गप.

व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकात शू ढकलणारे छोटे सिलिंडर, खोलले तर सात वर्षांच्या झोपेचा हिशोब दिसला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यानं आतून गंज धरतो, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) देवीच्या वणासारखे खड्डे. चारपैकी एक नुसतं होनिंग करून, म्हणजे आतून घासून, निघाला, तीनला खड्डे खोल होते. नवे घ्यायचे तर पुढचा १ इंचाचा आणि मागचा पाऊण इंचाचा लागतो, ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं म्हणून पुढं जोर जास्त ठेवलेला असतो, आणि दुकानदार सर्रास एकच माप हातात देतात, तेव्हा मोजून घ्या. उस्तादांनी नवे न घेता जुन्यांनाच लेथवर पितळी स्लीव्ह ठोकून परत मूळ मापाचं बोअर केलं. मास्टरला पण तसंच. कास्टिंग जुनं मूळचं, आतलं बोअर नवीन, आणि पितळेला गंज नाही. ९०० रुपये एका सिलिंडरला. मला हे नव्यापेक्षा आवडलं, पण हा माझा जुन्या वस्तूंचा सोस आहे, तुम्ही नवे घेतले तरी उस्ताद नाही म्हणणार नाहीत.

लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीची, एक गोष्ट. मागच्या डाव्या चाकाचं लायनर एक्सलचं सील गळून गिअर ऑइलनं भिजलेलं होतं. मी कुठंतरी ऐकलेलं की असं लायनर गॅसबत्तीनं जाळलं की तेल निघून जातं. उस्ताद हसले. वरचं जळतं, आत मुरलेलं ड्रम तापला की परत वर येतं, आणि मग ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. आठही शूंना नवीन लायनर, चिकटवलेले नाही, पितळी रिबिट मारलेले, रिबिटाचं डोकं चांगलं खोल बसलेलं, नाहीतर लायनर झिजलं की तेच ड्रमला चरे पाडतं. सील आधी बदललं, मग लायनर. हा क्रम लक्षात ठेवा, उलटं करणारे लई आहेत. आणि जुना ड्रम उघडताना त्यांनी एअर मारली नाही, पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसला, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही. भाचा मास्क लावून होता. बिनबोर्डाच्या गॅरेजात हे बघून मला खरंच बरं वाटलं, मोठ्या टाइलवाल्या वर्कशॉपमध्ये मी पोराला ड्रमवर फुंकर मारताना बघितलंय.

९ इंची ड्रम. तीन लेथवर साफ झाले, चौथा आधीच कुणीतरी इतका घासलेला होता की आणखी कापला तर पातळ होऊन तापला की फाकला असता, साधारण दीड मिलिमीटरच्या वर व्यास वाढला की ड्रम फेकायचा असा उस्तादांचा नियम. दुसरा ड्रम मिळेपर्यंत आठ दिवस गेले, शेवटी जुन्या जीपच्या कामांसाठी नावाजलेल्या हरियाणातल्या डबवालीहून पार्सल आलं, जुन्या जीपवाल्यांना डबवाली सांगायला नकोच.

पाइपबद्दल मी स्वतःचं शहाणपण चालवलं. म्हणलं तांब्याचे टाकू, दिसतात भारी, फ्रिजवाल्याकडं मिळतात. उस्तादांनी मान हलवली. साधं तांबं गाडीच्या थरथरीनं कडक होत जातं आणि एक दिवस नटाजवळ तडा जातो, आणि या जीपला एकच सर्किट आहे, एका जागी फुटलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. स्टीलचाच पाइप, तोंड दोन घड्यांनी फुलवलेलं. गप्प बसलो.

हवा काढायला मला बसवलं पेडलवर, बाकी भाचा निपलवर. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी आपल्या पायाजवळचं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. "दाबो… पकडो… छोडो." पहिल्यांदा सोड्यासारखे बुडबुडे, मग एक-एक, मग नुसतं मधाच्या रंगाचं तेल. पाऊण तासात माझ्या पोटऱ्या भरून आल्या. तेल डॉट ३ (ब्रेक ऑइलची प्रत) टाकलं. मी विचारलं डॉट ४ का नाही, तर भाच्यानं बाटली वाचून दाखवली, डॉट ३ नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी ओढल्यावर १४०, आणि डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे डॉट ४ टाकलं तरी चालतं, पण दोन वर्षांनी बदललं नाही तर दोन्ही सारखेच बेकार. फक्त डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं येतं ते यात मिसळायचं नाही.

आता तक्रारी. सहा दिवस सांगितले, एकोणीस लागले. ड्रमचं कारण मान्य, पण बाकीचे दिवस एका पुढाऱ्याच्या अ‍ॅम्बॅसडरला गेले हे मला भाच्याकडून कळलं. उस्ताद फोन उचलत नाहीत, उचलला तर "आज हो जाता" म्हणतात आणि तो आज कुठला ते विचारायचं नाही. दुसरं म्हणजे तेल भरताना उजव्या मडगार्डवर सांडलं, ब्रेक ऑइल रंग खातं, त्यांनी लगेच पाणी ओतलं तरी तळहाताएवढा पोपडा निघालाच, आणि तो रंग मी उन्हाळ्यातच दिलेला. पाचशे रुपये कमी केले, पण पोपडा आहे तो आहे. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहून दिलं. सगळं मिळून १७,४५०, त्यात मजुरी ५,०००. महाग म्हणाल तर महाग, पण आधीच्या "कडक" कामाचे २,२०० मला जास्त महाग पडले.

आणि हँडब्रेक. ट्रान्सफर केसचं सील गळतंय, तेल थेट त्या छोट्या ड्रमात उतरतं, त्यामुळं चढावर हँडब्रेक अजून धरत नाही. उस्ताद म्हणले ते वेगळं काम आहे, अर्धवट करणार नाही, दिवाळीनंतर या. तोवर सीटखाली एक दगड ठेवलाय चाकाला लावायला, बायको त्याला म्हसोबा म्हणते.

पहिले तीनशे किलोमीटर घाट नको, जोरात ब्रेक नको, लायनर ड्रमला बसू द्या असं सांगितलेलं, ते पाळलं. वडवणी, तेलगाव, माजलगाव असंच फिरलो, दर वेळी उतरून चारी ड्रमला हात लावून बघायचो, एक जरी जास्त गरम लागला तर परत बीड. चारी सारखेच कोमट. मग आश्विनात, सीताफळं सुरू झाल्यावर, धारूरला गेलो. उतरताना दुसऱ्यात, पाय बहुतेक वेळ पेडलवर नाहीच, वळणाच्या आधी एकदा दाबायचं आणि सोडायचं. सोडलं की गाडी खरंच मोकळी होते, ते पायाला कळतं. ज्या नालीत उतरलो होतो तिथं एक बाई टोपल्यात सीताफळं घेऊन बसली होती, तिच्याकडून दोन डझन घेतली, जीप उतारावर उभी केली, म्हसोबा लावला.

जायचं असेल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, एक ते तीन बंद असतं. सोबत गाडीचं जुनं तेल थोडं बाटलीत घेऊन गेलात तरी चालेल, ग्लासातलं ते बघूनच सांगतात. आणि फोन भाच्यालाच करा.